ताम्रपटावरचा कावळ्याचा पाय

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठला आरोपी कुठल्या गुन्ह्यातला, हे सांगायला मला जुन्या वह्या काढाव्या लागतात. गडावरच्या ताम्रपटाच्या प्रकरणाला मात्र वही लागत नाही. त्या सोमवारी ठाण्याच्या बाकावर बसलेली ती बाई, तिच्या मांडीवरची डब्याची पिशवी आणि तिचं पहिलं वाक्य मला काल ऐकल्यासारखं आठवतं.

मी तेव्हा सातारा जिल्ह्याच्या डोंगरी भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. या हकिगतीत मी कुणाचं नाव घेणार नाही, गडाचंही नाही. त्या भागातल्या लोकांना गड कळेलच. ज्यांनी गुन्हा केला त्यांनी शिक्षा भोगली आहे, आणि ज्यांनी चूक केली ते आज आपापल्या घरी सुखात आहेत. त्यांना पुन्हा चव्हाट्यावर आणायची माझी इच्छा नाही.

गडाच्या पायथ्याला काही वर्षांपूर्वी पर्यटक माहिती केंद्र झालं होतं. आत गडाची मोठी प्रतिकृती होती. बटण दाबलं की त्या त्या बुरुजावर दिवा लागायचा. एका अंधाऱ्या खोलीत गडाच्या इतिहासाचा लहान चित्रपट दाखवायचे. वर गडावर कड्याशी दुर्बीण बसवली होती, कातळात खोदलेल्या टाक्यांना कठडे केले होते, सदरेचा चौथरा साफसूफ केला होता. महाबळेश्वरहून उतरणारे पर्यटक हमखास तिथे थांबायचे. रविवारी टॅक्सींची रांग वळणापर्यंत लागायची. आम्हा पोलिसांच्या लेखी ते केंद्र म्हणजे पार्किंगवरची भांडणं, माकडांनी पळवलेल्या पर्सेस आणि पिऊन आलेले चार टगे, एवढंच. तिथल्या मधल्या दालनात काचेच्या पेटीत एक जुना ताम्रपट ठेवलाय, हे मला माहीत होतं. पण मी तो कधी नीट पाहिला नव्हता. हे आधीच कबूल करतो.

तर त्या सोमवारी हजेरी उरकून मी बाहेर आलो, तेव्हा बाकावर एक पन्नाशीची बाई बसलेली दिसली. ठाणे अंमलदार म्हणाला, "साहेब, दोन तास झाले. माझ्याजवळ काही सांगत नाही. मोठ्या साहेबांनाच सांगणार म्हणते."

मी तिला केबिनमध्ये बोलावलं. ती खुर्चीवर बसायला तयार होईना. शेवटी टेकली आणि एका दमात म्हणाली, "सायेब, गडावरलं तांब्याचं पत्र बदललंय."

"कुणी बदललं?"

"त्ये तुमी बगायचं. बदललंय एवढं मी सांगती."

"कशावरून म्हणता?"

"त्येच्यावर कावळ्याचा पाय हुता. आता न्हाई."

माझ्यामागे उभा असलेला शिपाई फिस्सकन हसला. मलाही हसू येत होतं, पण मी ते आवरलं. बाईंनी समोरच्या ग्लासातल्या पाण्यात बोट बुडवलं आणि माझ्या टेबलाच्या काचेवर तीन रेघा ओढल्या. खाली एक टोक, वर तीन बोटं. खरंच कावळ्याचं पाऊल.

माहिती केंद्रात सगळे त्यांना मावशी म्हणत, मीही तेच म्हणतो. केंद्र उघडल्यापासून सहा वर्षं त्या तिथे झाडलोट करत होत्या. माहेर माण तालुक्यातलं, मेंढपाळाचं घर. लहानपण सगळं मेंढरांमागे गेलेलं, लग्न होऊन गडाच्या पायथ्याला आलेल्या. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. रोज सकाळी ताम्रपटाची काच पुसायचं काम त्यांचं. पावसाळ्यात केंद्र दोन महिने बंद असायचं. त्या वर्षी पावसाळा संपून केंद्र उघडलं, त्यांनी पहिल्या दिवशी काच पुसली आणि त्यांना पाय दिसला नाही. त्यांनी व्यवस्थापकांना सांगितलं. ते म्हणाले, रसायनाने साफ केलाय म्हणून वेगळा दिसतो. मावशींनी दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं, तिसऱ्या दिवशीही सांगितलं. आदल्या दिवशी, रविवारी, पर्यटकांसमोर बोलल्या, तेव्हा व्यवस्थापकांनी त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून बजावलं.

"म्हणजे काम गेलं म्हणून आलात?" मी मुद्दामच टोचून विचारलं.

"कामाचं जाऊ द्या. शेतात भांगलायला कुटं बी जाईन." त्या पहिल्यांदा चिडल्या. "आज न् उद्या कुणाच्या तरी ध्यानात येणारच न्हवं? तवा पयला हात सुभेदारांवर पडंल. किल्ल्या त्येंच्याकडं असत्यात. आन् त्येंनीच मला हितं धाडलंय. म्हणले, मावशी, तू जा. माझं काय व्हायचं ते हू दे."

सुभेदार म्हणजे केंद्राचे रखवालदार. फौजेतून निवृत्त झालेले.

खोटी तक्रार घेऊन येणारा माणूस आरोपीबद्दल भरभरून बोलतो आणि वस्तूबद्दल थोडकं. मावशी फक्त वस्तूबद्दल बोलत होत्या. शिवाय ज्याच्यावर पहिला संशय जाणार, त्यानेच त्यांना पोलिसांकडे पाठवलं होतं. मी स्टेशन डायरीला नोंद केली, साधे कपडे चढवले आणि एका जुन्या हवालदाराला घेऊन गडाकडे निघालो.

ताम्रपट काचेत होता. तळहातापेक्षा जरा मोठा, वर कडीसाठी भोक. गडावरच्या टाक्याच्या पाण्याची राखण करणाऱ्या एका घराण्याला शेत इनाम दिल्याचा मजकूर. शेजारी छापील फलकावर तोच मजकूर आजच्या अक्षरात दिलेला. मी फलक वाचला, मग ताम्रपट वाचला. जुळत होतं. कावळ्याचा पाय कुठे दिसला नाही.

व्यवस्थापक चाळिशीचे, टापटीप गृहस्थ. त्यांनी चहा मागवला. "साहेब, तिला वाचता येत नाही. ती काय सांगणार? पावसाळ्यात तज्ज्ञ बोलावून इथल्या इथे स्वच्छ करून घेतलाय. वरचा मळ निघाला, रेघ निघाली."

"जुना फोटो असेल ना?"

"होता. पावसाळ्यात वीज पडून संगणक जळाला. दालनात पर्यटकांना फोटो काढायला मनाई आहे. वरच्या कार्यालयात प्रत असेल, पण शोधायला महिना जाईल."

त्यांच्या बोलण्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. पण बोलता बोलता त्यांनी तीन वेळा "इथल्या इथे" म्हटलं. मी जागा विचारली नव्हती. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माणूस तीनदा देऊ लागला की मी ते लक्षात ठेवतो.

तरीही हातात पुरावा काही नव्हता. एका अक्षरशत्रू बाईचा शब्द आणि समोर फलकाशी तंतोतंत जुळणारा ताम्रपट. एवढ्यावर गुन्हा नोंदवला असता तर वरून विचारणा झाली असती, आणि ती रास्तच ठरली असती. आम्ही बाहेर पडलो. दाराशीच भेटवस्तूंचं दुकान होतं. गडाचं चित्र छापलेल्या टोप्या, किल्ल्या अडकवायच्या कड्या, चहाचे मग. हवालदार म्हणाला, "साहेब, त्यांचा चहा पाणचट होता. इथला घेऊ." दुकानदार विकता न येणारे, कान तुटलेले मग स्वतःच्या चहाला वापरायचा. त्यातलेच दोन त्याने भरून आमच्या हातात दिले.

हवालदाराने मग ओठाला लावला आणि तसाच थांबला. चहा हातावर सांडला तरी त्याचं लक्ष नव्हतं.

"साहेब, पाय."

मगावर ताम्रपटाचा फोटो छापलेला होता. केंद्र उघडलं तेव्हाचा. चौथ्या ओळीत, तुटलेल्या कानाच्या बाजूला, ओळीखाली तीन बोटांचं पाऊल होतं आणि वर एक बारीक अक्षर. मी चष्मा काढून डोळ्याजवळ धरून पाहिलं. मूळ कोरणाऱ्याने "टाक्याचे" लिहिताना मधलं "क्या" विसरून "टाचे" कोरलं होतं. मग चूक कळल्यावर खाली खूण करून "क्या" वर घातला होता. अभ्यासक अशा खुणेला काकपद म्हणतात, हे मला पुढे कळलं. मावशींनी न वाचता, न विचारता तेच नाव ठेवलं होतं.

मी तसाच आत जाऊन पुन्हा काचेतला ताम्रपट पाहिला. "टाक्याचे" सरळ एका ओळीत. रसायनाने मळ निघतो. वर कोरलेलं अक्षर खाली उतरून ओळीत बसत नाही.

दोन पंच बोलावून जागेवर पंचनामा केला. "एक चिनी मातीचा मग, कान तुटलेला, त्यावर ताम्रपटाचे छायाचित्र." मुद्देमाल कारकुनाने तो कागद दोनदा वाचला आणि माझ्याकडे पाहिलं. त्या मगावरून ठाण्यात आठवडाभर माझी टिंगल चालली होती.

व्यवस्थापकांना ठाण्यात बोलावण्याआधी मी सुभेदारांना भेटलो. पासष्टीचा ताठ माणूस, बुटांना पॉलिश. त्यांनी न मागता फाटकावरची वही पुढे केली. गाडी, वेळ, माणसं, आत गेलेली वस्तू, बाहेर गेलेली वस्तू. एकाही रकान्यात खाडाखोड नाही. पावसाळ्यातल्या एका पानावर बोट ठेवून ते म्हणाले, "सर, हे बघा."

नोंद अशी होती: पांढरी कार, इसम एक, बाहेर लाकडी पेटी एक, व्यवस्थापक साहेबांच्या तोंडी हुकमाने. आठ दिवसांनी पुन्हा: आत लाकडी पेटी एक.

"तुम्ही विचारलं नाही, पेटीत काय आहे?"

"विचारलं, सर. रायटिंगमध्ये ऑर्डर मागितली. साहेब म्हणाले, तू वॉचमन आहेस, वॉचमनसारखा राहा. शेऱ्यात तेही लिहून ठेवलंय."

खरंच लिहिलं होतं. तारीख, वेळ आणि ते वाक्य, शब्दाला शब्द.

व्यवस्थापकांवर मी आवाज चढवला नाही. घाबरलेल्या माणसावर ओरडलं की तो आणखी एका खोट्याच्या आड लपतो. मी त्यांना पाणी दिलं, समोर तो कान तुटलेला मग ठेवला, शेजारी वही उघडी ठेवली आणि माझी दुसरी कामं करत बसलो. वीस मिनिटांत त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते सांगू लागले. एक इसम उंची कपड्यात, सराईत इंग्रजी बोलत आला होता. संवर्धन तज्ज्ञ असल्याचं पत्र दाखवलं. हे काम प्रयोगशाळेतच करावं लागतं म्हणाला. व्यवस्थापकांनी जावक नोंद न करता ताम्रपट त्याच्या हवाली केला. परत आलेली वस्तू उघडून, जुळवून पाहिली नाही. मावशी बोलल्या तेव्हा त्यांना शंका आली, पण तोवर नोकरीची भीती वाटू लागली होती.

"मी चोर नाही, साहेब."

"ते मला कळलंय," मी म्हणालो. "पण तुम्ही एका खऱ्या बोलणाऱ्या बाईला घरी बसवलंत."



गुन्हा दाखल झाला. पत्र बनावट, नाव खोटं, फोन बंद. गाडी कराडजवळच्या मलकापूरच्या एका चालकाची निघाली. त्याने एवढंच सांगितलं की पेटी घेऊन तो माणूस हायवेला उतरला आणि सांगलीच्या गाडीत बसला. इथे वाट संपली. त्याच संध्याकाळी वरून फोन आला. रखवालदाराला आधी उचला, किल्ल्या त्याच्याकडे होत्या, लोक विचारतायत. मी म्हणालो, "सर, मला चार दिवस द्या. तो माणूस आपला सर्वांत चांगला साक्षीदार आहे." पलीकडून उत्तर आलं, "चारच." सुभेदारांना हे मी सांगितलं नव्हतं. पण त्यांना कळलं असावं. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच कपड्यांची पिशवी भरून ठाण्यात हजर झाले. "अरेस्ट करायची तर इथंच करा, सर. गावात गाडी नको." मी त्यांना चहा पाजून परत ड्यूटीवर पाठवलं. चार दिवसांत हे प्रकरण फोडायचंच, हे मी त्या चहाच्या वेळी ठरवलं.

नकली ताम्रपट घेऊन मी कराडच्या एका जुन्या भांडी व्यापाऱ्याकडे गेलो. त्यांनी तो तिरपा धरून बोटाने चाचपला. "साहेब, आता भांड्यांवर नावं मशीनच्या पेनाने घालतात. हे तसलं न्हवं. ही हातछिन्नी हाय. ठोका बघा, एकासारखा एक. असा हात आता दुर्मिळ." सांगलीच्या वाटेवर त्यांना तीन माणसं माहीत होती. एकाचे हात थरथरू लागले होते, एक मुलाकडे पुण्याला गेला होता. तिसरा आष्ट्याच्या बाजारपेठेत बसायचा.

आता थेट जाऊन धरलं असतं तर त्याने कानांवर हात ठेवले असते. माझ्या डोक्यात ती चौथी ओळ घोळत होती. ज्याने नक्कल केली त्याने मूळ चूक जशीच्या तशी न काढता सुधारली होती. ठगाला असली उठाठेव कशाला हवी? ही एखाद्या कामसू माणसाची खोड होती. मी एक तांब्या विकत घेतला, कागदावर "कै. तुसाबाई यांचे स्मरणार्थ" असं लिहिलं, मधला "ळ" मुद्दाम गाळला, आणि साध्या वेशात आष्ट्याला गेलो.

एवढंसं दुकान, पुढे ऐरण, डोळ्यांवर जाड भिंग. साठीच्या कारागिराने कागद पाहिला, तांब्या मांडीत घेतला आणि ठोके सुरू केले. त्याने मला काही विचारलं नाही. अर्ध्या तासाने तांब्या पुढे केला. सुरेख अक्षरात कोरलं होतं, "कै. तुळसाबाई".

"कागदावर असं नव्हतं," मी म्हणालो.

"आवं, तुमी 'ळ' घालायचा इसरला हुता. आईचं नाव ना? चुकीचं कसं घालू? गिऱ्हाईक भांडं परत आणतंय, आन् नाव माझं खराब हुतंय."

मी खिशातून नकली ताम्रपटाचा फोटो काढून ऐरणीवर ठेवला. "आणि इथला 'क्या'?"

त्याने भिंग खाली केलं. बराच वेळ पाहिलं. "व्हय. त्यो बी मीच वळीत घेतला." मग माझ्या बुटांकडे त्याचं लक्ष गेलं. वेश साधा असला तरी बूट खात्याचे होते. त्याने छिन्नी खाली ठेवली.

"सायेब, काय झालं? त्यो म्हणला, प्रदर्शनात ठेवायला नक्कल पायजे. अस्सल जपून ठेवायचं हाय."

त्याने सगळं सांगितलं. अस्सल पत्रा पाच दिवस त्याच्याकडे होता. आधी त्याने खुणेसकट हुबेहूब नक्कल केली. पण चुकीचं काम आपल्या हातून बाहेर जातंय, हे त्याच्या मनाला पटेना. म्हणून दुसरा पत्रा घेऊन त्याने दुरुस्त केलेली नक्कल बनवली आणि तीच दिली. घेणाऱ्याने मजकूर वाचला, वा वा केली आणि गेला. पहिली नक्कल अजून कारागिराच्या पेटीत होती.

"तो पुन्हा येईल?"

"देवळाच्या कामाला येत असतोय अधनंमधनं. फोन हाय माझ्याकडं."

हा नंबर वेगळा होता. मी कारागिराला समोर बसवून फोन करायला लावला. त्याने नेहमीच्या आवाजात विचारलं, "पयली नक्कल माझ्याकडंच ऱ्हायलीय. अडगळ झालीया. मोडीत घालू का?"

पलीकडचा माणूस दचकलेला मलाही ऐकू आला. "नको नको! कुणाला दाखवू नका. उद्या दुपारी येतो."

दुसऱ्या दिवशी हवालदार एक भलामोठा हंडा घेऊन गिऱ्हाईक बनून पायरीवर बसला. आष्टा पोलिसांचे दोघे समोरच्या रसवंतीत होते, मी शेजारच्या कापड दुकानात. दोनच्या सुमारास तो आला. पांढरा शर्ट, गळ्यात चष्मा. नक्कल कागदात गुंडाळून काखेत मारली आणि वळला. हवालदाराने तो हंडा बरोबर पायरीवर आडवा केला.

"जरा थांबा, साहेब. तुमचं नाव घालायचं राहिलंय."

तो आधी इंग्रजीत रागावला, मग हिंदीत, आणि मी ओळखपत्र काढल्यावर मराठीत आला. आपण तज्ज्ञ आहोत, कागद आहेत, मोठ्या लोकांशी ओळख आहे. मी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "चौथ्या ओळीत काय चूक आहे?" त्याला सांगता येईना. इतके महिने अस्सल ताम्रपट त्याच्याकडे होता. त्याने तो एकदाही नीट पाहिला नव्हता.

सांगलीतल्या त्याच्या भाड्याच्या खोलीची झडती स्थानिक ठाण्याला कळवून, पंचांसमक्ष घेतली. कपाट झालं, गाद्या झाल्या, स्वयंपाकघरातले डबे झाले. काही नाही. टेबलावर दुसऱ्या दिवशी सकाळच्या मुंबई गाडीचं तिकीट होतं आणि भिंतीला टेकवून, भेटवस्तूच्या कागदात बांधलेली देवाची तसबीर. हवालदाराने ती बाजूला ठेवायला उचलली.

"साहेब, देव फार जड आहे."

मागची फळी काढली. मऊ कापडात ताम्रपट होता. चौथ्या ओळीखाली तीन बोटं. हवालदाराने मनगटाने डोळे पुसले. त्या क्षणी मला जे वाटलं ते कुठल्याही पदकाने वाटलं नसतं. मी पहिला फोन वरिष्ठांना केला नाही, गडाच्या फाटकावर केला.

"सुभेदार, सापडला."

पलीकडून बुटाचा खाडकन आवाज आला. माणूस फोनवर सॅल्यूट ठोकत होता. तो चौथा दिवस होता.

खरी कसोटी अजून बाकी होती. मुद्देमालाची ओळख तहसील कचेरीत नायब तहसीलदारांसमोर पटवायची होती. टेबलावर तीन पत्रे मांडले. अस्सल, हुबेहूब नक्कल आणि दुरुस्त केलेली नक्कल. क्रम त्यांनीच लावला. आम्हा पोलिसांना बाहेर काढलं. पुढचं मी पंचांकडून ऐकलं आणि पंचनाम्यात वाचलं.

मावशी ठेवणीतलं इरकली लुगडं नेसून आल्या होत्या. पहिला पत्रा पाहिला आणि सरकवला. "ह्याला पायच न्हाई." उरलेल्या दोघांना पाय होता. नायब तहसीलदार म्हणाले, "आता? दोन्हीकडे खूण आहे. नीट बघा, वेळ घ्या."

मावशींनी वेळ घेतला नाही. "हे आमचं."

"कशावरून?"

"आमच्या कावळ्याचं मधलं बोट वाकडं हाय. आन् ह्या कोपऱ्याला दात पडल्यागत हाय. त्या दुसऱ्याचा पाय सरळ हाय, शाण्या माणसानं काढल्यागत."

नायब तहसीलदारांनी मुद्दामच विचारलं, "बाई, तुम्हाला वाचता येत नाही. मग इतकं कसं लक्षात राहिलं?"

"आवं सायेब, तुमास्नी वाचता येतंय म्हणून तुमी त्यात काय लिवलंय ते बगताय. मला त्ये येत न्हाई, मग मी त्येचं त्वांड बगती. दोनशे मेंढरांत आपलं कोकरू कसं वळकत्यात? तसंच."

भिंग लावून पाहिलं. मधलं बोट वाकडं होतं. कोपऱ्यात खाच होती. मला आत बोलावलं तेव्हा नायब तहसीलदार उभे राहून मावशींना पाणी देत होते.

न्यायालयाच्या आदेशाने ताम्रपट परत गेला, तो दिवस गडाच्या गावाने सणासारखा केला. आमची जीप वळणावर आली तर समोर हलगी. मी म्हटलं, बंदोबस्त मीच मागवायला हवा होता. सुभेदार पदकं लावून फाटकावर उभे होते. वहीत नोंद केल्याशिवाय त्यांनी मलासुद्धा आत सोडलं नाही. आत: तांब्याचा पत्रा एक, अस्सल. शेवटचा शब्द त्यांनी अधोरेखित केला. दालनात जुने व्यवस्थापकही आले होते, त्यांची बदली झाली होती. सगळ्यांच्या देखत त्यांनी मावशींना हात जोडले. मावशी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या वं. तुमचं बी पोट हाय." आणि हातमोजे घालून ताम्रपट स्वतः पेटीत ठेवला. टाळ्या थांबेनात.

पुढे खटला चालला. कान तुटलेला मग न्यायालयात मुद्देमाल म्हणून मांडला गेला, आणि त्याला कुणी हसलं नाही. आष्ट्याच्या कारागिराने साक्ष दिली. वकिलाने मूळ चूक का सुधारली विचारलं, तेव्हा तो न्यायाधीशांकडे बघून म्हणाला, "सवय, सायेब." आरोपीला शिक्षा झाली.

या प्रकरणाने मला काय शिकवलं? पोलिसी जबाबात नाव, वय, धंदा आणि शिक्षण हे रकाने सुरुवातीला येतात. आपण ते भरतो आणि नकळत माणसाचं वजन ठरवून मोकळे होतो. मीही तसंच करत आलो होतो. गडावर मी आधी फलक वाचला, मग ताम्रपट. मजकूर जुळला आणि माझं समाधान झालं. व्यवस्थापकांचंही झालं आणि चोराचंही. आम्ही तिघेही शिकलेले. त्यानंतर ठाण्यात नवा उपनिरीक्षक आला की मी त्याला सांगायचो, शिक्षणाचा रकाना सगळ्यात शेवटी भर. आधी माणसाला विचार, तुम्ही काय पाहिलं, आणि ते किती दिवस पाहत होता.

निवृत्तीनंतर गेल्या हिवाळ्यात पत्नीला घेऊन गडावर गेलो. सांगून गेलो नव्हतो, रांगेत उभं राहून आत शिरलो. मधल्या दालनात सांगलीकडच्या कुठल्याशा महिला मंडळाची सहल आली होती आणि त्यांना ताम्रपट समजावून सांगत होत्या मावशी. गळ्यात केंद्राचं ओळखपत्र, खाली छापलेलं "मार्गदर्शक". टाक्याची राखण, इनाम, कोरणाऱ्याची चूक, सगळं पाठ. बायका मान डोलावत ऐकत होत्या. मी मागून पुढे सरकलो आणि नीट दिसावं म्हणून काचेवर हात टेकवला.

मावशींनी बोलणं थांबवलं. मला ओळखलं, चेहऱ्यावर हसू फुटलं, पण आवाज तसाच करडा.

"सायेब, हात काडा. रोज पुसती मी त्ये."

मी हात काढला आणि खिशातून रुमाल काढून काचेवरचा डाग पुसून दिला.